रंगरावांच्या रेडिएटरमधली हळद

रंगरावांनी मोटार घेतली तेव्हा ती गळत नव्हती. ही गोष्ट त्यांनी त्या माघ महिन्यात इतक्या लोकांना सांगितली, की पुढे पुढे चिंचवडच्या बाजारात कुणी "काय रंगराव, बरं आहे ना?" असं विचारलं तरी ते "घेतली तेव्हा गळत नव्हती" असं म्हणून मोकळे होत. विचारणाऱ्याला वाटे, बहुधा घराच्या कौलांबद्दल बोलताहेत.

रंगराव देहूरोडच्या एका लष्करी कोठारात हेडक्लार्क होते. लढाई संपून दहा वर्षं होत आली तरी लष्कराच्या अडगळीचे लिलाव संपले नव्हते. अशाच एका लिलावात, तंबूचे खांब आणि तीनशे पत्र्याच्या बादल्या यांच्या मधोमध, एक हिरवी मोटार उभी होती. रंगराव गेले होते बादली घ्यायला. सुभद्राबाईंनी एकच बादली सांगितली होती. परत आले ते मोटार घेऊन आणि बादली विसरून. सुभद्राबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. आपली बायको बोलते तेव्हा काळजी नसते, हे बारा वर्षांच्या संसारात रंगरावांना कळून चुकलं होतं.

गाडी ठेवायला जागा दिली घरमालक मारुतरावांनी. मारुतराव गावातले जुने शेतकरी, चार बिघे बागाईत, दोन म्हशी आणि शब्दाला वजन. त्यांच्या गोठ्याला लागून पडवी होती, तिथे मोटार उभी राहिली. पहिल्या दिवशी रंगरावांनी मारुतरावांच्या सगळ्या घरादाराला गाडीचा एकेक भाग हात लावून समजावून सांगितला. माणसं ऐकून मान डोलवत होती आणि म्हशी बिनतक्रार रवंथ करत होत्या, त्यामुळे त्यांना फार बरं वाटलं. त्याच भरात त्यांच्या तोंडून पुढे नडणारं एक वाक्य गेलं.

मारुतरावांच्या मुलाचं, मालोजीचं, लग्न चाकणला ठरलं होतं. नवरदेवासाठी पुण्याहून टॅक्सी सांगितली होती. रंगराव त्या सगळ्यांदेखत म्हणाले, "घरची गाडी असताना परक्याची कशाला? नवरदेव माझ्या गाडीतून जाईल." मारुतरावांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, पान खाल्लं आणि दुसऱ्याच दिवशी टॅक्सीवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. त्यांच्याकडे शब्द म्हणजे शब्द. आणि त्यानंतर आठ दिवसांत गाडी गळायला लागली.

ते कळलं तेही आकुर्डीच्या पुढे, चारचौघांत. थंडीची सकाळ होती, रंगराव कोट घालून ऐटीत कचेरीला निघाले होते, आणि समोरच्या टोपणातून भसकन वाफ आली. रस्त्याला लागूनच रेल्वेचे रूळ. नेमकी त्याच वेळी लोणावळ्याची गाडी आली, आणि तिच्यात त्यांच्याच कचेरीतले अर्धे लोक बसलेले. सगळ्यांनी खिडकीतून हात हलवले. रंगरावांनीही हलवला, कारण दुसरं काय करणार. रेडिएटर उघडून पाहिला तर आत पाण्याचा थेंब नाही. आदल्या दिवशी तर काठोकाठ भरला होता.

तेव्हापासून त्यांनी नेम धरला. रोज सकाळी झाकण उघडून पाहायचं. ज्या दिवशी गाडी बाहेर नेली असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिएटर दोन कळशा पाणी मागे. ज्या दिवशी गाडी जागेवरच असेल, त्या दिवशी पाणी जिथल्या तिथे. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे गाडीखालची जमीन खडखडीत कोरडी. एकदा त्यांनी खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी ती कोरडी तर होतीच, वर व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवलेली होती. सुभद्राबाईंनी आवरली असतील म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. हेडक्लार्कच्या नजरेतून आकडा सुटत नाही म्हणतात, पण घडी सुटते.

सल्ले मात्र गळत होते, तेही धो धो. शेजारच्या टेबलावरचे ज्योतीराम म्हणाले, पाणी इंजिनातच मुरतंय, तेल चाखून बघा. रंगरावांनी ते चाखलं आणि दोन दिवस त्यांना कुठल्याच भाजीची चव लागली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, सहा अंड्यांचा पांढरा बलक आत सोडा, भोक आपोआप बुजतं. सुभद्राबाईंनी विचारलं, मग पिवळ्याचं काय करायचं. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी गाडीची दिशा बदलायला सांगितली. दक्षिणेकडे तोंड करून उभी केलेली वस्तू टिकत नाही म्हणे. रंगरावांनी तीही बदलली. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सकाळी गाडी बाहेर काढताना म्हशीला धक्का लागला आणि ती दोन दिवस दूध देईना.

शेवटी त्यांनी सरळ मार्ग धरला. कोठाराच्या कारखान्यात गाडी तपासून मिळावी असा तीन प्रतींत अर्ज केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सदर वाहन लिलावाच्या तारखेस नोंदवहीतून कमी केलेलं असल्यामुळे ते अस्तित्वात नाही, आणि जे वाहन अस्तित्वात नाही त्याच्या गळतीचा विचार करता येत नाही. रंगराव ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत बसले. वाक्य निर्दोष होतं. असणारच, कारण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका अर्जासाठी त्यांनीच ते तयार केलं होतं आणि साहेबांनी त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली होती.

लग्न आठ दिवसांवर आलं. सुभद्राबाईंनी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मौन सोडलं. चाकणच्या वाटेवर नवरदेव वाफेत उभा राहिला, तर ज्यांच्या घरात आपण राहतो त्यांना पुन्हा तोंड दाखवता यायचं नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. आणि तसं झालं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलवायला मी स्वतः जाईन, असंही म्हणाल्या. रंगरावांनी मान खाली घालून जेवण उरकलं. त्यांचा त्या मोटारीवर खरोखरच जीव जडला होता. आयुष्यात त्यांनी नियमाबाहेर जाऊन केलेली ती एकच गोष्ट होती.

मग आला सोनबा. हा गावातला माणूस. लढाईत ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लष्कराचा ट्रक चालवून आलेला, आणि आता विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यानं रेडिएटर खोलून म्हशींच्या हौदात बुडवला आणि सायकलच्या पंपानं आत हवा भरली. तासभर पाण्याकडे टक लावून बसला. एक बुडबुडा नाही. नळ्या पाहिल्या, तळाची तोटी स्वतः पान्यानं आवळून पाहिली, आणि मग उकिडवा बसून विडी पेटवली.

"भोक लई बारीक हाय. इंजान तापलं की उघडतंय, निवलं की मिटतंय," सोनबा म्हणाला. "याला हळद. आमी लढाईत रेडेटरमधी पावशेर हळद टाकून शंभर मैल गेलोय. हळद जाऊन भोकात बसती."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर रंगरावांनी विचार केला असता; पण ज्याच्या हळदीपुढे साक्षात लढाई हरली, त्याच्याशी काय वाद घालणार? प्रश्न होता सुभद्राबाईंचा. त्यांची हळद सांगलीहून माहेरच्या माणसाबरोबर येई, वर्षातून एकदाच, आणि डब्यावर त्यांचा कडक पहारा असे. "माणसांच्या भाजीत चिमूटभर आणि मोटारीत पावशेर," एवढंच बोलून त्यांनी हळद मोजून दिली. रंगरावांनी ती रेडिएटरमध्ये ओतली, थोडी गाडीच्या नाकावरही लावली, आणि देहूरोडला जाऊन आले. येताना गाडीला फोडणीचा वास सुटला होता. दुसऱ्या सकाळी रेडिएटर पुन्हा रिकामा. खाली पिवळा डाग तर सोडाच, पिवळी छटासुद्धा नाही. सोनबा म्हणाला, मात्रा कमी पडली, आणखी पावशेर. तीही गेली. आता सुभद्राबाईंचा डबा तळाला लागला आणि लग्न तीन दिवसांवर आलं.

त्या दुपारी सुभद्राबाई मारुतरावांच्या बायकोला, शालनबाईंना, रुखवताला मदत करायला गेल्या होत्या. त्या परतल्या त्या थेट रंगरावांपुढे येऊन उभ्या राहिल्या. रविवार होता, रंगराव घरीच होते. मारुतरावांच्या आई, गोजाबाई, ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या म्हणे. पायांवरून लुगडं जरा सरकलं, आणि सगळ्या बायकांनी पाहिलं. म्हातारीचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळेजर्द.

यात काय मोठंसं, असं रंगरावांना वाटलं. पण गोजाबाई विधवा. वीस वर्षांत त्यांनी हळदीकुंकवाकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं, आणि इथे नातवाला हळद लागायच्या आधी आजीलाच लागलेली. बायकांत कुजबूज सुरू झाली होती. शालनबाई लालबुंद होऊन आत निघून गेल्या होत्या, आणि गोजाबाई लुगडं सावरून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"हळद आपली आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "सांगलीची. मी रंग ओळखते."

दोन पावशेर हळद कुठे गेली ते रंगरावांना दोन मिनिटांनी उमजलं. मग मात्र ते कोट चढवून उठले.

त्या दिवशी त्यांनी मुद्दाम गाडी काढून भोसरीपर्यंत फेरी मारली, परत येऊन पडवीत लावली, आणि नेहमीसारखं चहाला घरात जाण्याऐवजी दोघं नवराबायको कडब्याच्या गंजीमागे उभे राहिले. हेडक्लार्क माणूस, कोटासकट कडब्यात. दिवेलागणीला गोजाबाई काठी टेकत आल्या. एका हातात घंगाळ. त्या गाडीपुढे बसल्या, घंगाळ खाली सरकवलं, आणि सोनबाला पान्यानं आवळावी लागलेली तोटी दगडाचा एक टोला देऊन सफाईनं फिरवली. वाफाळलेलं पाणी घंगाळात उतरलं. थेंब सांडला नाही. तोटी परत दगडानं घट्ट केली. मग बाजूच्या दगडावर बसून त्यांनी एकेक गुडघा शेकायला घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख आलं, की रंगरावांना पुढे होऊन बोलायचा धीर होईना. शेवटी त्यांना शिंक आली, कडब्यामुळे.

गोजाबाई दचकल्या, पण पळायचं म्हटलं तरी गुडघे पळू देणार नव्हते. त्यांनी पदर ओढून घेतला.

"तूच दावलं की रं पहिल्या दिशी," त्या म्हणाल्या. "हितनं गरम पानी येतं म्हनून. बाकीची नुसती मान हलवत हुती, म्या नीट ऐकलं. राती निवून वायाच जातंय न्हवं ते? लोहाराच्या कुंडीतल्या पान्यावानी हाय, लोखंड उतरल्यालं. गुडघं हलकं झालं माझं. ह्या चार दिसांत तर लईच. पिवळं कशानं झालंय ठावं न्हाई, पर गुन चांगला."

सुभद्राबाईंनी विचारलं, घरात बंब आहे, सूनबाईंना का नाही सांगितलं? म्हातारी घंगाळातलं पाणी गुडघ्यावर घेत सांगू लागली. सकाळी बंब पेटतो, सगळ्यांच्या आंघोळी होतात. संध्याकाळी परत पेटवायचा म्हणजे जळण लागतं, आणि जळण लग्नासाठी राखलंय. सून वाईट नाही, पण तिला घरादाराचं बघायचं असतं. "आन् आपल्याच घरात मागायचं कसं, बाई?" त्या म्हणाल्या. मग रंगरावांकडे वळून म्हणाल्या, लगीन होईस्तोवर मारुतीला सांगू नगंस. रंगरावांनी शब्द दिला. त्या महिन्यात त्यांनी दिलेला हा दुसरा शब्द, आणि पहिल्याच्या नेमका आडवा येणारा.

कारण हळदीच्या संध्याकाळी, मालोजी पिवळा होऊन पाटावर बसलेला, मांडवात पन्नास माणसं, आणि मारुतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रंगराव, गळती घावली का?"

"सापडली," रंगराव म्हणाले. पुढचं वाक्य काढायला त्यांना फार जड गेलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चूक कधी कबूल केली नव्हती. ती नेहमी खालच्या कारकुनाची असे. "तळाची तोटी नीट बंद करायची राहून जात होती. माझ्याच हातून."

मांडव हसून लोळायला लागला. हसला नाही तो फक्त सोनबा. त्याचा तर अपमानच झाला होता. त्यानं उठून सांगितलं की तोटी म्या सोत्ता आवळली व्हती, आन् ती आपसूक उघडाया काय भूत हाय काय त्यात? रंगराव म्हणाले, नंतर मी उघडली आणि विसरलो. सोनबा म्हणाला, कशापायी उघडली? रंगराव टोपी काढून पुन्हा घालू लागले. त्यांची ती अवस्था पाहून लोक आणखी हसले.

मारुतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पान लावलं, खाल्लं नाही. "तुमी चांगलं मानूस, रंगराव," ते म्हणाले. "पर रोज रोज तोटी इसरनाऱ्याच्या हाती पोरगा कसा देऊ? दमणी जुपू आमी. बैलं तरी पानी सांडत न्हाईत."

रंगरावांनी मान हलवली. सुभद्राबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं डोळ्यांनीच नको म्हटलं. गाडी आता भंगारात गेलीच म्हणायची, असं समजून रंगराव पायताण शोधू लागले.

"मारुती," मांडवाच्या कडेला, बायकांच्याही मागे, कोपऱ्यातून आवाज आला. "त्यानं न्हाई इसरली. पानी म्या काढत हुते."

गोजाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या होत्या. पन्नास माणसांपुढे त्यांनी सगळं सांगितलं. घंगाळ, गुडघे, जळण, काही ठेवलं नाही. हळद बी त्याच पान्याची, असं म्हणाल्या तेव्हा रविवारी कुजबुजणाऱ्या बायका जमिनीकडे पाहू लागल्या. ह्या मानसानं माझी अब्रू राखाया आपली घालवली, आन् म्या गप बसू व्हय, असं म्हणून त्या थांबल्या. मारुतरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. इतका मोठा माणूस, पण आईकडे बघायला त्यांना वेळ लागला.

शालनबाई पुढे आल्या. त्यांच्या कोपरापर्यंत हळद माखलेली होती. "आत्याबाई, मला सांगायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. म्हातारी म्हणाली, सांगनार हुते, पर तू कामात. बाकीच्यांनी मग मालोजीला उगाच आणखी हळद लावली.

सकाळी दमणीचे बैल सुटेच राहिले. नवरदेव मागे बसला, पुढे कोण बसणार यावर एका काकानं मानपानाचं काही सुरू केलं, तोवर शालनबाईंनी सासूचा हात धरून तिला आणून रंगरावांच्या शेजारी बसवलंही होतं. विधवा बाई नवरदेवाच्या पुढे कशी, असं काका पुटपुटले. मारुतराव म्हणाले, "काका, तुमी दमणीनं या." काका मग मागे वऱ्हाडासाठी उभ्या असलेल्या लॉरीत चढले.

भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणी ओलांडली. रंगराव ताशी वीस मैलांच्या वर गेले नाहीत. चढावर त्यांनी श्वास रोखला आणि तो उतारावर सोडला. चाकणच्या शिवेवर मुलीकडची मंडळी वाजंत्री घेऊन उभी होती. रंगरावांनी कोटाच्या बाहीनं रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. सोनबा लॉरीतून उतरून आला, त्यानंही वाकून पाहिलं, आणि हळदीनं भोक बुजलं म्हणून मुलीकडच्यांना सांगत सुटला. त्याला कुणी अडवलं नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या. दुपारनंतर गोजाबाईंनी कुणालाही न विचारता घंगाळ मागवलं, रंगरावांना गाडी चालू करायला लावली आणि मांडवासमोर राजरोस पाय शेकायला बसल्या. नवरीची आजी चौकशीला आली. तिचे गुडघे याहून वाईट निघाले. तिनं तिच्या जावेला बोलावलं, जावेनं विहिणीला. तासाभरात गाडीपुढे पाच म्हाताऱ्या ओळीनं बसल्या होत्या, आणि हेडक्लार्क रंगराव तोटी सोडत होते, कळशीनं वरून पाणी ओतत होते आणि पुन्हा इंजिन सुरू करत होते. येणारे-जाणारे बघत होते. अब्रूचा विचार करायला त्यांना सवडच नव्हती.

म्हाताऱ्या उठता उठता सुभद्राबाई आल्या. पहाटेपासून उभ्या होत्या, पाचशे माणसांच्या पंगतींत वाढून त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शालू घोट्याच्या वर घेतला आणि दगडावर बसून घंगाळात पाय घातले. थोडा वेळ डोळे मिटून घेतले.

"गाडी राहू दे आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "पण हे पाणी कोमट आहे. अजून जरा तापवा."

रंगराव धावतच इंजिनाकडे गेले.